‘ॲबी रोडमध्ये मुद्रित’ असे नेमके कोणत्या अल्बमांना म्हणावे?

तबकडीवाला यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली काही वर्षे मी जुन्या ध्वनिमुद्रिका जमवत आहे. लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातील ॲबी रोड स्टुडिओमध्ये मुद्रित झालेल्या अल्बमांचा एक वेगळा कप्पा करावा, असे ठरवून मी सुरुवात केली. पण सुरुवातीलाच ठेच लागली. एका दुकानातून बरीच किंमत मोजून आणलेल्या तबकडीच्या वेष्टनावर ‘ॲबी रोड’ हे शब्द ठळकपणे छापलेले होते. घरी येऊन बारीक अक्षरांतला मजकूर वाचल्यावर कळले की गाणी मुद्रित झाली भलत्याच देशात, आणि ॲबी रोडमध्ये केवळ त्यांचे नव्याने मास्टरिंग (तयार मुद्रणावरचा अखेरचा संस्कार) झाले होते. दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येणार नाही, परंतु मला जे हवे होते ते मिळाले नाही, हेही खरेच.

म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. त्या इमारतीतल्या खोल्यांचा, यंत्रांचा आणि माणसांचा ठसा खरोखर ऐकू येतो, असे अल्बम कोणते? आणि ते कोणत्या क्रमाने ऐकावेत? बीटल्स आणि पिंक फ्लॉइड ही दोन नावे मला ठाऊक आहेत. त्यांच्या पलीकडचेही सुचवावे.

खर्जातला षड्ज यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नातला पेच वाटतो त्याहून खोल आहे, कारण बीटल्सच्या ज्या अल्बमचे नावच ‘ॲबी रोड’ आहे, तोसुद्धा पूर्णपणे ॲबी रोडमध्ये मुद्रित झालेला नाही. ‘आय वॉन्ट यू’ या गाण्याचा पाया फेब्रुवारी १९६९ मध्ये ट्रायडंट स्टुडिओत घातला गेला आणि ‘यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी’चा मे महिन्यात ऑलिम्पिक स्टुडिओत. ‘लेट इट बी’ची बरीचशी गाणी तर सॅव्हिल रोवरच्या, बीटल्सच्याच ॲपल या कंपनीच्या तळघरात आणि गच्चीवर झाली. तेव्हा अल्बमच्या नावावरून कप्पा लावू नये, गाण्यागणिक लावावा, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. ज्या काळातील मुद्रणांमुळे हे नाव जगभर झाले, त्या काळात स्टुडिओचे नाव ॲबी रोड नव्हतेच. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते, त्यांनीच लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालन करून, या वास्तूचे उद्घाटन झाले तेव्हापासून ती ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्टुडिओ म्हणूनच ओळखली जात होती. बीटल्सच्या अल्बममुळे रस्त्याचे नाव प्रसिद्ध झाल्यावर सत्तरच्या दशकात स्टुडिओने ते आपलेसे केले.

ऐकण्याची सुरुवात बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’पासून करावी. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, स्टुडिओ क्रमांक दोनमध्ये, सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत, मधल्या विश्रांती धरून, त्यातील चौदापैकी दहा गाणी मुद्रित झाली. ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण सर्दीने बेजार झालेल्या जॉन लेननचा घसा त्यानंतर उरणार नव्हता. यंत्र दोन ट्रॅकचे, म्हणजे टेपवर आवाजाचे दोनच स्वतंत्र थर घेणारे, असल्यामुळे जे वाजले ते जवळपास तसेच टेपवर उतरले, आणि म्हणूनच त्या खोलीचा घुमारा ऐकायचा असेल तर यासारखा पुरावा नाही.

त्यानंतर थेट १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर यावे. हा स्टुडिओ तोवर अतिशय शिस्तीचा होता: तांत्रिक कर्मचारी पांढरे कोट घालून वावरत, सामान हलवणारे तपकिरी, आणि मुद्रणाच्या वेळा एखाद्या सरकारी कचेरीसारख्या ठरलेल्या असत. मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर असावा याचेही नियम होते. जेमतेम विशीतल्या जेफ एमरिक या ध्वनिमुद्रकाने ड्रमच्या अगदी जवळ मायक्रोफोन नेऊन ते मोडले. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला, आणि एकच ओळ दोनदा गाण्याचा कंटाळा गायकांना येतो म्हणून केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दुसऱ्या टेपयंत्राच्या साहाय्याने आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती शोधली. ही युक्ती पुढे जगभर वापरली गेली.

स्टुडिओ दोनच्या मागे एक ‘एको चेंबर’ आहे. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन आणि मध्ये सांडपाण्याचे मोठाले पाइप उभे केलेली ही खोली. आवाज स्पीकरमधून सोडायचा, खोलीत फिरू द्यायचा आणि परत आलेला घुमारा मूळ आवाजात चवीपुरता मिसळायचा. देवळाच्या गाभाऱ्यात ‘सा’ लावून पाहिलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागू नये.

बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’बद्दल इतके लिहिले गेले आहे की मी एकच मुद्दा सांगतो. तो चार ट्रॅकच्या यंत्रांवर केलेला आहे. चारही ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या टेपवर उतरवून जागा मोकळी करायची, आणि अशा प्रत्येक उतरवणीबरोबर टेपची सरसर वाढायची. ‘अ डे इन द लाइफ’साठी १० फेब्रुवारी १९६७ रोजी स्टुडिओ एकमध्ये चाळीस वादक बसवले तेव्हा टाउनसेंडनेच दोन यंत्रे एकमेकांशी जुळवून एकत्र चालवली. तो शेवटचा चढत जाणारा कल्लोळ ऐकताना ही अडचण लक्षात ठेवावी.

मोनोप्रेमी यांचे उत्तर:

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, मात्र ‘खोलीचा घुमारा’ या कल्पनेवर इतका भर देऊ नये असे मला वाटते. १ मार्च १९७३ रोजी प्रसिद्ध झालेला पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हाच याला उत्तम अपवाद आहे. सोळा ट्रॅकवर आणि बराचसा जवळच्या मायक्रोफोनने मुद्रित झालेल्या या अल्बममध्ये खोली फारशी ऐकू येत नाही. लंडनमधल्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या स्टुडिओतही तो असाच वाजला असता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

तरीही तो अल्बम त्या इमारतीचाच आहे, आणि त्याचे कारण तिथली माणसे. ‘टाइम’च्या आरंभी खणखणणारी घड्याळे ॲलन पार्सन्स या स्टुडिओच्या नोकरीतील ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन, चार वाहिन्यांच्या ध्वनीचे प्रात्यक्षिक म्हणून आधीच टिपून ठेवली होती, ती गाण्याला आयती मिळाली. अल्बमच्या अखेरीस हृदयाच्या ठोक्यांवर बोलणारा आवाज जेरी ओ’ड्रिस्कॉल या स्टुडिओच्या आयरिश द्वारपालाचा आहे. पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सने प्रश्नांच्या चिठ्ठ्या तयार करून आसपासच्या मंडळींना बोलते केले होते. त्यात पॉल मॅकार्टनीचीही मुलाखत झाली, पण ती वापरली नाही आणि द्वारपालाची मात्र अजरामर झाली, याची मला नेहमी गंमत वाटते. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये एकही शब्द न उच्चारता आलापी करणाऱ्या क्लेअर टॉरी हिला त्या रविवारच्या कामाचे तीस पौंड मिळाले. रचनेतला वाटा मान्य होण्यासाठी तिला पुढे न्यायालयात जावे लागले आणि २००५ मध्ये तडजोड होऊन सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागले.

शेजारच्या खोलीत कोण आहे, हाही या स्टुडिओचा एक गुण मानावा लागेल. १९७५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वर हिअर’चे काम चालू असताना गायक रॉय हार्पर तिथेच आपला अल्बम करीत होता, म्हणून ‘हॅव अ सिगार’ त्याच्याकडून गाऊन घेता आले. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबर आलेल्या स्तेफान ग्रापेली यांचेही व्हायोलिन त्याच मुक्कामात शीर्षकगीतासाठी मुद्रित झाले. ते अल्बममध्ये जवळपास ऐकूच येत नव्हते. २०११ मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

इंग्रजी रॉकच्या बाहेरचे हवे असेल तर नायजेरियाच्या फेला कुटीचा ‘लाइव्ह!’ अवश्य घ्यावा. नावावरून तो लागोसच्या एखाद्या मैफलीतला वाटतो. प्रत्यक्षात १९७१ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत श्रोत्यांना बोलावून, जिंजर बेकरला ड्रमवर घेऊन तो मुद्रित केला आहे.

तबकडीवाला:

दोघांचेही आभार. द्वारपालाची हकीकत मला माहीत नव्हती. एक उपप्रश्न विचारतो: ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर अनिल भागवत हे नाव वाचून मी चमकलो होतो. हे आपल्याकडचे नाव तिथे कसे पोहोचले, आणि तशी आणखी काही मुद्रणे आहेत का?

फोर्टची पायवाट यांचे उत्तर:

अनिल भागवत यांनी ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला वाजवला आहे. ११ एप्रिल १९६६ च्या त्या मुद्रणासाठी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत त्यांना बोलावणे आले होते. बीटल्सच्या अल्बमवर बाहेरच्या वादकाचे नाव छापले जाणे तेव्हा नेहमीचे नव्हते. त्याच गाण्यातील इतर भारतीय वादकांच्या वाट्याला ते आले नाही. पुढच्या वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये याच संस्थेशी संबंधित वादकांनी दिलरुबा आणि तबला वाजवला. दिलरुब्याची मींड पाश्चात्त्य व्हायोलिनवादकांकडून काढून घेताना संयोजक जॉर्ज मार्टिन यांची कसोटी लागली. ते गाणे मोठ्या आवाजात ऐकले तर व्हायोलिने दिलरुब्यामागून स्वरावर घसरत येताना स्पष्ट कळते. माझ्या मते संपूर्ण अल्बममध्ये ऐकण्यासारखी हीच सर्वांत अवघड जागा आहे.

परंतु आपल्या कप्प्यासाठी खरा पेच निर्माण करणारे गाणे वेगळेच आहे. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलेले बीटल्सचे ‘द इनर लाइट’ अर्धे ॲबी रोडचे आणि अर्धे मुंबईचे आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन त्या वर्षीच्या जानेवारीत ‘वंडरवॉल म्युझिक’च्या कामासाठी मुंबईस आला होता. फोर्टमधील फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, शिवकुमार शर्मा, आशिष खान अशा वादकांना घेऊन त्याने मुद्रण केले. तेथेच एका वाद्यमेळाचा तुकडा जादा तयार झाला, तो टेपवर लंडनला नेला, आणि फेब्रुवारीत ॲबी रोडमध्ये त्यावर आवाज चढवला. ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बमही असाच दोन्हीकडचा आहे.

एचएमव्ही ही ईएमआयचीच भारतीय शाखा, त्यामुळे एकाच घरातल्या या दोन खोल्या होत्या असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. हॅरिसनने पुढे सांगितले आहे की मुंबईचा स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता, ध्वनिरोधक व्यवस्था नव्हती, बारकाईने ऐकले तर काही तुकड्यांत टॅक्सी जाताना ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे. संध्याकाळी फोर्टमधून स्टेशनकडे लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. सेंट जॉन्स वुडच्या खोल्यांत महागड्या भिंती उभारून जे बाहेर ठेवले, ते इथे टेपवर आपसूक आले.

ओघात एक खुलासा करतो, कारण हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी वाचतो: ‘सैराट’चा वाद्यवृंद ॲबी रोडमध्ये नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झाला आहे.

खर्जातला षड्ज:

चर्चा रॉककडेच झुकली, म्हणून शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताची बाजूही मांडतो. या स्टुडिओची पहिली तीन दशके मुख्यतः त्याच संगीताची होती. जुलै १९३२ मध्ये सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युहिनने स्वतः एल्गार यांच्या संचालनाखाली त्यांचा व्हायोलिन कन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) येथे वाजवला. आर्टुर श्नाबेल यांनी बेटहोव्हेनचे बत्तीसही पियानो सोनाटा १९३२ ते १९३५ या काळात याच ठिकाणी मुद्रित केले. संपूर्ण संच मुद्रित करणारे ते पहिले. तेव्हा टेप नव्हती, मेणाच्या तबकडीवर थेट मुद्रण होई, एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे आणि चूक झाली तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून वाजवावी लागे. श्नाबेलच्या काही हुकलेल्या सुरांचा आज उपहास होतो, तो करणाऱ्यांनी ही अट आधी विचारात घ्यावी.

पाब्लो कसाल्स यांच्या बाखच्या चेलो सुइट्सपैकी दुसरी आणि तिसरी तेवढी नोव्हेंबर १९३६ मध्ये येथे झाली. उरलेल्या चार पॅरिसच्या आहेत. आणि जॅकलीन द्यू प्रे यांचा एल्गारचा सुप्रसिद्ध चेलो कन्चेर्टो, जो अनेक जण बेधडक ॲबी रोडच्या यादीत घालतात, तो १९६५ मध्ये किंग्सवे हॉलमध्ये मुद्रित झाला आहे. ईएमआयची तबकडी म्हणजे ॲबी रोडचे मुद्रण, हा सरळ हिशेब येथे चुकतो.

तबकडीवाला:

या माहितीनंतर मी कप्प्याची कल्पनाच बदलली आहे. तबकड्या एकत्र न लावता प्रत्येक वेष्टनात एक चिठ्ठी ठेवणार आहे, ज्यावर कोणते गाणे कोणत्या स्टुडिओत आणि कोणत्या साली मुद्रित झाले ते लिहिलेले असेल. शेवटची शंका: ‘सार्जंट पेपर’ मोनो (एका वाहिनीचा) घ्यावा की स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा)?

मोनोप्रेमी:

माझे सदस्यनाम पाहता उत्तर आपल्याला अपेक्षित असेलच. पण कारणही आहे: मोनो मिश्रणाच्या वेळी चौघेही त्यात लक्ष घालत होते, स्टिरिओचे काम त्यांनी स्टुडिओतील मंडळींवर सोडले. ‘शीज लीव्हिंग होम’ दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ ऐका. मोनोमध्ये त्याची गती आणि पट्टी दोन्ही थोडी वरची आहेत. चिठ्ठीवर तेही लिहून ठेवावे.