शेड चुकली की पॉलिश?

शेड गाइडशी (दातांच्या रंगछटांच्या नमुनापट्टीशी) जुळवूनही कंपोझिट (दात भरायचं दाताच्या रंगाचं साहित्य) फिकं दिसतं म्हणजे मालच खराब, हे या चर्चेत वर कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. आधी पॉलिश बघा. खरखरीत पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे विखुरतो, तो पांढरा उजेड आतून येणाऱ्या रंगात मिसळतो आणि तोच ए२ (गाइडमधली एक शेड) दुधाळ दिसतो. इथे बडोद्यात आमच्या लॅबमध्ये नव्या पोरांना कंपोझिटची एकच चकती दाखवतो: अर्धी सँडपेपरने घासलेली, अर्धी पेस्टने चमकवलेली. शेड दोन आहेत म्हणून पैजेवर येतात! घासलेल्या बाजूवर थेंबभर पाणी सोडलं की तीही गडद होते.

या चर्चेत रंग मोजणाऱ्या यंत्राचे आकडे टाकणाऱ्यांनी एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या यंत्राने, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरने, आरशासारखं परावर्तन धरून मोजलंय की वगळून? धरून मोजलं तर पॉलिशचा फरक बराचसा लपतो. वगळलं तर खरखरीत नमुन्याचा एल (उजळपणाचा आकडा) वाढलेला येतो, आणि डोळ्यालाही साधारण तेच दिसतं. दंतवैद्यकात डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) २.७ च्या आसपासपर्यंत खपवून घेतात. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवले तर त्या मर्यादेला काही अर्थच उरत नाही.