एकाच टाइप-सी चार्जरवर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही?

प्रश्न: लॅपटॉपला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर आहे, मोबाइल सॅमसंगचा, २५ वॅटवाला. दोन्हींना मिळून एकच घ्यायचाय. काय बघू? मोबाइलची केबल चालेल ना?

प्रतिसाद १: खोक्यावरचं '६५ वॅट' सोडा, चार्जरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. पीडीच्या (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून जलद चार्जिंगची पद्धत) ओळीत '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' हवं. दोन पोर्टवाल्यात गोम असते: दोन्ही लावले की बऱ्याचदा ४५ आणि २० अशी वाटणी होते, मग लॅपटॉप 'स्लो चार्जर' म्हणून कुरकुरतो. सॅमसंगसाठी पीपीएस (मोबाइलच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बारीक बदलणारी पीडीचीच सोय) लिहिलेलं हवंच, नाहीतर २५ वॅट विसरा.

प्रतिसाद २: केबल मात्र वेगळी घ्या. साधी सी-टू-सी ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच. ५ अँपिअरची, ई-मार्कर चिपवाली (केबल किती करंट झेलते ते चार्जरला सांगणारी चिप) बघा. १०० वॅट लिहिलेलं असतं.

प्रश्नकर्ता: तीच मॉनिटरला लावता येईल?

प्रतिसाद २: बहुतेक नाही. १०० वॅटच्या कितीतरी केबली आतून यूएसबी २.० च्याच, म्हणजे डेटाचा वेग फक्त ४८० एमबीपीएस. चार्जिंग झकास, पण स्क्रीन काळी. '१० जीबीपीएस' लिहिलेली, मीटरभराचीच घ्या. आणि आधी लॅपटॉपचा पोर्ट डिस्प्ले देतो का ते तपासा. सगळे देत नाहीत.