कोल्शचा दोनशे मिलीचा ग्लास: परंपरा की बिल वाढवायची आयडिया?

भटक्या_८४: ऑफिसच्या कामाने जर्मनीत कोलोनला गेलेलो. तिथली लोकल बियर कोल्श. ग्लास बघाल तर उभट, बारीक, 0.2 लिटरचा, संपतोय न संपतोय तोवर दुसरा पुढ्यात, मागितलेलाच नाही! निळा एप्रनवाला वेटर, त्याला कोबेस म्हणतात, ग्लास ठेवतो, ग्लासखालच्या कोस्टरवर पेन्सिलीने रेघ मारतो आणि पुढे. सात रेघा झाल्या तेव्हा शेजारच्या आजोबांना दया आली, त्यांनी आपला कोस्टर ग्लासवर ठेवून दाखवला. म्हणजे बास. हे आधी सांगायला काय होतं? म्युनिकला कसा, लिटरचा मग घेऊन निवांत बसता येतं.

फेसाळ: सात ग्लास म्हणजे 1.4 लिटर, म्युनिकचे दीड मगसुद्धा नाही झाले, लुटलं कुठे? कोल्श पटकन मचूळ होते म्हणून ग्लास लहान, शेवटचा घोटही ताजा लागतो. आणि पंगतीत आपणही ताटावर हात आडवा धरेपर्यंत जिलबी वाढतातच की.

भटक्या_८४: जिलबीमागे रेघ नाही मारत कोणी.

आल्टप्रेमी: ग्लास सोडा हो, चवीचं बोला. मी डुसेलडॉर्फला चार वर्षं काढली, चाळीसेक किलोमीटरवर. आमची आल्टबियर तांबूस, कडवट, जिभेला कळतं काहीतरी प्यायलोय. कोल्श म्हणजे पिवळं पाणी.

फेसाळ: दोन्हींची रीत सारखीच की, वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवायची आणि मग थंडीत मुरवायची. तुमच्यात माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, जास्त भाजकं, एवढंच. कोल्श हलकी आहे म्हणूनच संध्याकाळभर पिता येते. आणि 1986 मध्ये 24 ब्रुअरींनी करार करून ठरवलं की कोल्श कशी असावी, फिकट, गाळलेली, ह्याच ग्लासात द्यायची, वगैरे. 1997 पासून युरोपियन युनियनचं संरक्षणही आहे नावाला, कुठेही बनवून कोल्श म्हणून विकता येत नाही तिथे.

आल्टप्रेमी: नाव टिकलं, पण त्यातले कितीतरी ब्रँड आता एकाच मोठ्या ग्रुपकडे आहेत, लेबलं तेवढी वेगवेगळी. पेफगेन ब्रुअरीसारखे स्वतःच्याच पबमध्ये लाकडी पिंपातून ओतणारे किती उरलेत? त्यांच्याकडची असेल तर मी पण नाही म्हणणार नाही, पण हे डुसेलडॉर्फला कळू देऊ नका.

भटक्या_८४: ते काही असो, मला सहाच ग्लास आठवतायत, रेघा सात. कोस्टर घरी घेऊन आलोय पुरावा म्हणून.

फेसाळ: सात झाल्यावर सहाच आठवणार ना भाऊ.