अनुभव धागा: गावापर्यंत डांबर आलं, मग काय काय झालं?

मी मूळचा भिवापूर तालुक्यातला, आता मुक्काम नागपूर. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट भागात किमान ५०० वस्तीचं गाव, डोंगरी-आदिवासी भागात २५० चं, तरच पक्का रस्ता, असा नियम. आमचं गाव जेमतेम बसलं. रस्ता झाला त्या दिवाळीला पहिल्यांदा एक जावई चारचाकीनं थेट दारात उतरला, हे अजून सांगतात. त्याच रस्त्यानं मीही निघून आलो. तुमच्याकडे काय आलं, काय गेलं, लिहा. पुढाऱ्यांवरून भांडण नको, प्लीज.

संत्रावाला, नरखेड
पहिले बगिचा ठोक्यानं जाये. व्यापारी झाडाकडे कमी अन् चिखलाकडे जास्त पाहे. "बंडीनं फाट्यावर न्या लागन, माल दबते," म्हणून भाव पाडे. मृग बहार, म्हंजे पावसाळ्यात फुललेली संत्री, फेब्रुवारी-मार्चात तुटते, तवा वाट कोरडी. पण आंबिया बहाराची, दिवाळीच्या आसपासची, तोड लागली अन् परतीचा पाणी आला का संपलं! आता मेटाडोर बगिच्यापाशी येते. दोनदा मी सोताच नागपूरच्या कळमना बाजारात माल नेला. हमाली, अडत, भाडं धरून फार काही जास्त नाही उरलं, खरं सांगतो. पण व्यापाऱ्याले 'नाही' म्हणता येते आता. पहिले तेच येत नव्हतं.

निवृत्त शिक्षिका, रामटेक तालुका
मुलींना एसटीचा पास फुकट होता, पण बसायचं कशात? बस नाल्यापलीकडे, तीन किलोमीटरवर. सातवी झाली की मुलगी घरी. रस्ता झाला, बस गावात आली आणि त्या जूनला सात मुली आठवीला गेल्या. माझ्याच वर्गातल्या, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे.
मग त्याच रस्त्यावर ऑटो आले. मोठी माणसं ऑटोनं जाऊ लागली, बस रिकामी धावू लागली, आणि एक दिवस 'भारमान कमी' म्हणून फेरी बंद. ऑटोत पास चालत नाही. दोन मुलींचं शिक्षण तिथंच थांबलं. मी अर्ज करून करून थकले.

कापूसवाली, हिंगणा
खोटं काहून बोलू, रस्त्यानं माझं नुकसानच झालं. सकाळी सहाला कंपनीची गाडी फाट्यावर नाही, चौकात येते. पोरं गेली, माझ्या जावेची सूनही गेली. वेचाईले माणूस भेटत नाही.

वाचत बसणारा, धरमपेठ
ताई, सॅम अॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी २०२० साली याच योजनेच्या रस्त्यांवर अभ्यास छापला. त्यात हेच निघालं: मजूर शेतीबाहेर पडतात, पीकपाणी, उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा फरक दिसत नाही.

कापूसवाली, हिंगणा
त्याहिले नोव्हेंबरात माझ्या वावरात धाडा. कापूसही वेचून होईल.
पण सुनेचा पगार तिच्याच खात्यात जमा होते, हेही लिहून ठेवते. माझ्या वेळेस असं नव्हतं.

साईटवरचा माणूस
रस्ते काही वर्षांत का फुटतात, यावर फक्त 'खाल्ले' एवढंच ऐकतो. खातात, नाही म्हणत नाही. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम नीट दाबला नाही, बाजूची नाली बुजली, की पाणी पोटात शिरलं. वर रेतीचे टिप्पर. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला रस्ता भरलेले टिप्पर किती झेलणार? पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. त्या पाच वर्षांत पावसाळ्याआधी नाली साफ करून घ्या, आमच्या मागे लागा. सहाव्या वर्षी कोणी फोन उचलत नाही.

कुहीकर
सगळे गावच्या रस्त्याचं सांगून राहिले. वावराच्या पांदणीचं काय? डांबर गावाच्या वेशीपर्यंत, पुढं गुडघाभर चिखल. मागच्या जुलैत खताचा ट्रॅक्टर फसला. दोन दिवसांनी काढला, तोवर पोती डोक्यावर वाहिली, माझ्या आईनंही. ती ६७ वर्षांची आहे.