एलिफंट बीच: पायवाट की बोट, आणि दत्तजयंतीनंतरची तारीख

प्रेषक: कार्यवाह, सहल समिती (मुंबई गट)

सप्रेम नमस्कार,

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या वाटाड्याला शुक्रवारपर्यंत इसार पाठवायचा आहे, म्हणून एकाच प्रश्नावर सर्वांचे मत हवे आहे. दत्तजयंती घरी करून दुसऱ्या दिवशी मुंबईहून निघायचे, हे पार्ल्याच्या बैठकीत ठरलेलेच आहे. त्या हिशेबाने आपण वद्य तृतीयेला एलिफंट बीचवर असू. प्रश्न एवढाच, की तिथे जेट्टीवरून बोटीने जायचे, की राधानगरच्या रस्त्यावरून जंगलात शिरणाऱ्या पायवाटेने. वाट सुमारे दोन किलोमीटरची आहे, पाऊण तास पुरतो, आणि शेवटचा टप्पा खारफुटीतून जातो. बोटींची गर्दी होण्याआधी पोहोचले तर किनारा मोकळा मिळतो, आणि स्नॉर्केलिंगसाठी (मास्क व श्वासाची नळी लावून, तोंड पाण्याकडे करून पोहण्यासाठी) पाणीही कोणी ढवळलेले नसते, म्हणून समितीचा कल पायवाटेकडे आहे. सॅन होजेहून येणाऱ्या कुटुंबांनीही कृपया याच आठवड्यात कळवावे.

•

प्रेषक: वेसाव्याहून

कार्यवाह महोदय,

पायवाट की बोट हा प्रश्न नंतरचा आहे, आधी तारीख तपासायला हवी. पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस म्हणजे ऐन उधाण. या दिवसांत भरतीचे पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत खाली जाते. वाटेचा शेवटचा टप्पा खारफुटीतला आहे, असे आपणच लिहिले आहे. उधाणाच्या भरतीत तिथे गुडघ्याच्या वर पाणी असू शकते. पाण्याखाली चिखल आणि खारफुटीची वर आलेली मुळे असतात, आणि पाय नेमका कुठे पडतो आहे हे दिसत नाही. पाठीवर पिशवी आणि हाताला मूल धरून तो टप्पा ओलांडण्याची कल्पना मला मुळीच पटत नाही.

ओहोटीला गेलो तर चालणे सोपे होईल, पण मग स्नॉर्केलिंगची अडचण उभी राहते. उधाणाच्या ओहोटीत प्रवाळावर पाणी इतके कमी उरते की पोहणाऱ्याचे गुडघे आणि फिन्स त्यावर आपटतात. त्यात माणसाचे कातडे सोलवटते, आणि बोटभर वाढायला अनेक वर्षे घेणारे प्रवाळ क्षणात मोडते. शिवाय पाणी चढण्या-उतरण्याचा वेग उधाणात जास्त असल्याने ओढही जास्त असते आणि तळाचा गाळ वर येतो.

याउलट अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. भांगाचा खरा जोर अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत जाणवतो. चालणारे आणि पोहणारे अशा दोघांनाही तेच दिवस सोयीचे.

आणखी एक विनंती आहे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे, तो कृपया अंदमानला लावू नये. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांप्रमाणे प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत पोर्ट ब्लेअरचे आकडे स्वतंत्र दिलेले असतात, तेच पाहावेत. पाण्याची चढउतारही तिथे मुंबईपेक्षा कमी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे इशारे निघतात, तर तिथे उधाणातही फरक सुमारे दोन मीटरचाच असतो. पण सपाट खाजणात दोन मीटर पाणी बरेच आत शिरते.

•

प्रेषक: सॅन होजेहून

नमस्कार दादा,

ओहोटीत प्रवाळ मोडण्याचा जो मुद्दा आपण मांडलात, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. होनोलुलूजवळच्या हनाउमा उपसागरात पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला एक माहितीपट पाहावा लागतो, आणि त्यात प्रवाळावर उभे राहू नये, माशांना खाऊ घालू नये हे पुन्हा पुन्हा सांगितलेले असते. आपल्या मुलांसाठी असे अर्ध्या तासाचे बोलणे मुंबईतच व्हावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. किनाऱ्यावर उतावीळ झालेली मुले काहीही ऐकून घेत नाहीत.

दुसरी गोष्ट सनस्क्रीनची. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या सर्वसाधारण विक्रीवर हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंदी आणली, कारण ही रसायने प्रवाळाला अपायकारक ठरतात असे तिथल्या विधिमंडळाला पटले. अंदमानच्या प्रवाळाने २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापल्यामुळे मोठा फटका सोसला होता, आणि पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले होते. जे आज तिथे उरले आहे किंवा पुन्हा वाढले आहे, त्यावर आपण आणखी भार घालू नये. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला की पाठीला सनस्क्रीन लावावेच लागत नाही. मी येताना मुलांच्या मापाचे काही अंगरखे घेऊन येईन.

पायवाटेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मुलांना जंगलातून चालून समुद्र दिसला पाहिजे. बोटीतून नेऊन थेट किनाऱ्यावर सोडले, तर बेट म्हणजे काय हे त्यांना कळणारच नाही.

•

प्रेषक: ठाण्याचे डॉक्टर

कार्यवाह, आणि सर्व मंडळी,

मुलांची चर्चा होते आहे ते योग्यच आहे, पण यादीत सत्तरीच्या पुढचे सदस्यही आहेत, आणि माझी काळजी मुख्यतः त्यांची आहे. हवाईत जे पर्यटक बुडून मरण पावतात, त्यांत स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि त्यांतही मध्यमवयीन व वयस्कर पुरुष बरेच असतात. असा माणूस ओरडत नाही, हातपाय मारत नाही. तोंड पाण्याकडे करून तरंगत असल्याने तो मासे पाहण्यात गुंग आहे, असेच इतरांना वाटते. म्हणून प्रत्येकाला जोडीदार नेमून द्यावा, आणि जोडीदाराने दर काही मिनिटांनी हाताला स्पर्श करून खूण घ्यावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारून मला आधी कळवावे. पाऊण तास चालून दम लागलेला असताना लगेच पाण्यात उतरणे कोणीच करू नये.

मगरीचा विषय कोणी काढलेला नाही, तो मी काढतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० साली हॅवलॉकवरच, राधानगर किनाऱ्यालगतच्या पाण्यात स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. अशी घटना विरळ आहे, घाबरून सहल रद्द करावी असे मी म्हणत नाही. पण खारफुटी आणि खाडीची मुखे ही मगरीच्या वावराची ठिकाणे आहेत. त्यामुळे भरतीच्या पाण्यातून खारफुटी ओलांडणे मला चिखलापेक्षाही या कारणासाठी नको वाटते. वाट उघडी आहे का, अलीकडे मगर दिसली आहे का, हे वनखात्याच्या लोकांना विचारल्याशिवाय एकानेही जंगलात पाऊल टाकू नये, आणि त्यांनी नाही म्हटले तर वाद न घालता बोट करावी.

शेवटचे म्हणजे, परतीच्या वेळेचा अंदाज मुंबईच्या घड्याळाने बांधू नका. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच आहे, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. जंगलात त्याआधीच अंधारते.

•

प्रेषक: मालवणकर, परळ

सर्व वाचले. मगर, चिखल, विमानाचे भाडे, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मंडळी मालवणला का येत नाहीत, हा माझा प्रश्न कायम आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ तिथेही आहे, आणि निवती-भोगव्याच्या बाजूला डोंगरावरून उतरून जाण्यासारखे निवांत किनारेही आहेत. मंडळाची मागची कोकण सहल आमच्याच मंडळींनी पार पाडली होती, त्यामुळे व्यवस्थेची चिंता कोणाला करावी लागणार नाही.

•

प्रेषक: वेसाव्याहून

मालवणकर साहेब,

मालवणच्या व्यवस्थेबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही, आणि तिथल्या पोरांइतके समुद्र जाणणारे वाटाडे क्वचितच मिळतील. फरक पाण्याच्या पारदर्शकतेचा आहे. आपल्या किनाऱ्यावर कर्लीसारख्या नद्या आणि लहानमोठ्या खाड्या गाळ आणून टाकतात, आणि चांगल्या दिवसाची वाट पाहावी लागते. हॅवलॉक हे छोटे, जंगलाने झाकलेले बेट आहे, तिथे मोठी नदी नाही. ज्याने आयुष्यात प्रथमच मास्क लावला आहे, त्याला पहिल्याच डुबकीत तळ दिसला तर त्याची भीती जाते, गढूळ पाण्यात ती वाढते. मालवणची सहल फेब्रुवारीत जरूर ठरवावी, मी स्वतः येईन.

•

प्रेषक: गिरगावच्या काकू

चिरंजीवांनो,

भांगाचे दिवस घ्या असे वेसाव्याचे दादा म्हणतात, ते मला पटले. पण दत्तजयंतीच्या आधीची अष्टमी घेणार असाल, तर तिच्या दोन दिवस आधी चंपाषष्ठी आहे. आमचे कुलदैवत खंडोबा, घरी षड्रात्र असते, आणि षष्ठीला वांग्याचे भरीत-रोडग्याचा नैवेद्य होऊन तळी भरल्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही. आमच्यासारखी आणखी चार-पाच घरे यादीत आहेत. दत्तजयंतीनंतरची वद्य अष्टमी घेतली, तर शाळांच्या सुट्ट्या आणि विमानाचे दर यांचा विचार करावा लागेल, आणि पोर्ट ब्लेअरच्या तिकिटांचे दर त्या आठवड्यात काय होतात, हे खजिनदारांना माहीत आहे.

शिवाय सेल्युलर जेलचे दर्शन घाईत उरकू नये. १९०६ साली पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीनच आता उभ्या आहेत. १९११ साली जिथे सावरकरांना आणले, तिथे जाऊन आपण तासाभरात बाहेर पडायचे, हे मला मान्य नाही. एक पूर्ण संध्याकाळ त्यासाठी ठेवा.

चालण्याबद्दल सांगायचे, तर मी बोटीने येईन. पण मी बोटीने येणार म्हणून तरुणांनी पायवाट सोडू नये.

•

प्रेषक: कार्यवाह, सहल समिती (मुंबई गट)

सप्रेम नमस्कार,

काकूंच्या पत्रातूनच मार्ग निघतो आहे असे वाटते. चंपाषष्ठीचा नैवेद्य घरी करून सप्तमीला पहाटेच्या विमानाने निघावे, आणि ती दुपार व संध्याकाळ सेल्युलर जेलला द्यावी. अष्टमीला बोटीने हॅवलॉकला जावे आणि नवमीला एलिफंट बीच करावा. वेसाव्याच्या दादांनी सांगितलेला भांगाचा जोर नेमका त्याच दिवसांत येतो, आणि पौर्णिमेच्या आत आपण मुंबईत परत असू, म्हणजे दत्तजयंतीही चुकणार नाही. मधल्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी ज्यांचा उपवास असेल त्यांची फराळाची सोय हॉटेलला आधी कळवून करता येईल. पार्ल्याच्या बैठकीतला निर्णय बदलतो आहे, याची मला जाणीव आहे, आणि त्या बैठकीला हजर असलेल्यांनी हरकत असल्यास परवापर्यंत इथेच लिहावी.

पायवाट आणि बोट असे दोन गट ठेवावेत. चालणारा गट उजाडताच वाटाड्याबरोबर निघेल, मात्र नवमीची भरतीची वेळ तक्त्यात पाहून, आणि वाट उघडी असल्याचे वनखात्याकडून कळल्यावरच. बोटीचा गट जेट्टीवरून येऊन किनाऱ्यावर भेटेल, आणि दोन्ही गट एकत्र आल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरणार नाही. डॉक्टरांची जोडीदाराची सूचना नियम म्हणून स्वीकारावी.

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहिली आहेत, त्यांनी तसाच किनारा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत दक्षिण अंदमानचा काही भाग खचला, किनाऱ्यांची रूपे बदलली, आणि मोठे वृक्ष उन्मळून पडले. त्या ओंडक्यांवर मुलांनी चढू नये. हत्ती दिसेल का असे मुलांनी विचारले आहे. लाकूडतोडीसाठी आणलेले हत्ती तिथे असत, आणि समुद्रात पोहणारा राजन हा त्यांतला सर्वांना ठाऊक असलेला हत्ती २०१६ साली गेला.

शंखशिंपले किंवा मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही कोणी पिशवीत घालू नये. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि परतताना विमानतळावर सामानाची तपासणी होते. परकीय पासपोर्ट असलेल्या सदस्यांनी मूळ कागदपत्रे बरोबर ठेवावीत.

•

प्रेषक: सॅन होजेहून

नवमी आम्हांला मान्य आहे, तिकिटे बदलता येतील. एकच विचारायचे आहे: माझ्या यजमानांना जाड चष्मा आहे, आणि तिथे भाड्याने मिळणाऱ्या मास्कमध्ये त्यांना काहीच दिसणार नाही. चष्म्याच्या नंबरचा मास्क मुंबईत मिळतो का?

•

प्रेषक: खजिनदार

ताई,

नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, धोबी तलावच्या खेळसामानाच्या दुकानांत आधी चौकशी करावी, नाहीतर ऑनलाइन मागवावेत. मात्र दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तरच तो मापाचा आहे. मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठापाशी पाणी शिरते, तिथे थोडे व्हॅसलिन लावले की बरेच थांबते. काच धुकटू नये म्हणून आतून लहान मुलांच्या शॅम्पूचा थेंब चोळून पाण्याने खळबळून घ्यावा. ज्यांचे जलतरण तलावाचे सभासदत्व आहे, त्यांनी निघण्यापूर्वी स्नॉर्केलमधून श्वास घेण्याचा आणि नळीत शिरलेले पाणी फुंकून बाहेर काढण्याचा सराव तिथेच करावा, किनाऱ्यावर गेल्यावर शिकू असे म्हणू नये.

इसाराची रक्कम नवमीच्या तारखेवर शुक्रवारी सकाळी पाठवतो. पायवाटेच्या गटातली आणि बोटीच्या गटातली नावे गुरुवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे वेगवेगळी यावीत, कारण वाटाड्याचे पैसे माणशी आहेत आणि बोटीचे फेरीमागे. मालवणच्या फेब्रुवारीतल्या सहलीसाठी मालवणकरांनी कृपया वेगळे पत्र लिहावे, म्हणजे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळणार नाहीत.