मदत हवी आहे : रोम संविधीचे कलम ९८ आणि अमेरिकेचे द्विपक्षीय करार

नमस्कार. आपले नागरिक, रोम संविधी या आंतरराष्ट्रीय तहाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या हवाली केले जाऊ नयेत यासाठी अमेरिकेने २००२ पासून अनेक देशांशी जे करार केले, त्यांवर मी पदव्युत्तर प्रबंधिका लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे.

भारतानेही २६ डिसेंबर २००२ रोजी असा करार केला. पण भारत रोम संविधीचा सदस्यच नसल्याने तेथे न्यायालयाशी सहकार्य आणि हा करार अशा परस्परविरोधी दायित्वांचा पेच उद्भवत नाही. खरी कोंडी झाली ती रोमानियासारख्या सदस्य देशाची. त्याने १ ऑगस्ट २००२ रोजी सही केली, आणि दोनच महिन्यांत, ३० सप्टेंबरला, तो ज्यात प्रवेश करू पाहत होता त्या युरोपीय संघाने अशी सूट केवळ सरकारने अधिकृतपणे पाठवलेल्या व्यक्तींपुरती असावी असे मार्गदर्शक तत्त्व ठरवले. करार न करणाऱ्या बहुतेक सदस्य देशांची लष्करी मदत रोखण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात होतीच; याला वाटाघाटी म्हणावे का, हा प्रश्न वेगळाच.

माझी शंका अशी : व्यक्ती सोपवण्यासाठी तिला पाठवणाऱ्या देशाची संमती लागेल असा आंतरराष्ट्रीय करार असल्यास न्यायालयाने त्याविरुद्ध जाणारी मागणी करू नये, असे सांगणाऱ्या कलम ९८ च्या दुसऱ्या परिच्छेदाचे संरक्षण संविधी लागू झाल्यानंतर, म्हणजे १ जुलै २००२ नंतर, केलेल्या करारांनाही मिळते का? मिळत असल्यास त्यात तैनात सैनिकांखेरीज खासगी कंत्राटदार आणि सामान्य पर्यटकही येतात का? माझे मत नकाराकडे झुकते, कारण मग संविधीच्या हेतूलाच बाधा येते. मात्र परिच्छेदाच्या शब्दांत काळाची मर्यादा स्पष्टपणे घातलेली नाही. या प्रश्नावरील न्यायनिर्णय किंवा दोन्ही बाजूंचे साधार लेख कोणी सुचवू शकेल का?