बेटावर जाताना : आधी माहीत असतं तर बरं झालं असतं असं काय? (अनुभव लिहा)

निळाई
काल भाचीचा फोन. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच बाहेर चाललेत, मालदीवला. "मावशी, काय काय घेऊ सांग ना." मी वही घेऊन बसले आणि दुसऱ्याच ओळीवर हात थांबला. बारा वर्षांपूर्वीची बालीतली दुपार समोर आली.

कुटाचा किनारा. लेक तेव्हा नऊ वर्षांची. दोघी हात धरून कमरेइतक्या पाण्यात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला एक पट्टा मात्र शांत, जरा गढूळ. लहान मुलाला शांत पाणी बरं, म्हणून मी मुद्दाम तिथे उभी राहिले. आणि तळपायाखालची वाळू सरकायला लागली, बसल्या जागी कुणी सतरंजी ओढावी तशी. बघता बघता पाय टेकेनात. मी किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतेय आणि किनारा लांबच चाललाय. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती, चार लाल खुणा दोन दिवस तशाच होत्या. जीवरक्षक शिट्ट्या मारत हात आडवा करून दाखवत होता, मला अर्थच लागेना. शेवटी तोच फळी घेऊन आला.

नंतर त्याने वाळूत बोटाने रेघा ओढून समजावलं. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती वाट म्हणजे तो शांत पट्टा. त्याच्याशी झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर आत यायचं. आणि मुळात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. ते झेंडे आमच्यापासून शंभर पावलांवर होते. आम्ही पाहिलेही होते, अर्थ माहीत नव्हता.

भाचीला कपड्यालत्त्यांची यादी नाही पाठवायची, हे असलं पाठवायचंय. तुमच्यावर काय गुदरलं ते लिहा.

भटकभवानी
मालदीव असेल तर आधी विमान किती वाजता उतरतं ते विचार. रिसॉर्टच्या बेटावर नेणारी सीप्लेन (पाण्यावर उतरणारी छोटी विमानं) फक्त उजेडात उडतात. आम्ही संध्याकाळी पोचलो, शेवटचं निघून गेलेलं. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढली आणि रिसॉर्टच्या पहिल्या रात्रीचे पैसे गेले ते गेलेच. स्पीडबोटीने जाता येणारं बेट असेल तर हा घोळ नाही.
शिवाय इमुगाचा, म्हणजे मालदीव सरकारचा प्रवाशांसाठीचा ऑनलाइन फॉर्म, प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरायचा. फुकट असतो. त्याचे पैसे मागणाऱ्या साइटी दिसतात, तिकडे फिरकू नका. आणि बाटली वगैरे सामानात नको, दारू न्यायला बंदी आहे.

सुटीवाली
बाई गं, काटा आला अंगावर. लेक पोहते का आता?

निळाई
पोहते की! माझ्यापेक्षा सरस. परत आल्यावर महिनाभरात तिला तलावावर घातलं होतं, मीही तिच्याबरोबर नव्याने शिकले.

खारावारा
डासांचं कुणीच नाही लिहिलं म्हणून. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आम्ही रात्रीची मच्छरदाणी बघून निर्धास्त, दिवसभर उघडे हातपाय. परत आल्यावर चौथ्या दिवशी ह्यांना ताप, डोळ्यांच्या मागे ठणका. मी अंगदुखीची घरातली गोळी देणार इतक्यात डॉक्टर नणंदेचा फोन आला म्हणून थांबले. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरायला फक्त पॅरासिटामॉल. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "आम्ही अमुक बेटावरून आलोय". आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं मलम. उलटं नाही.

पाणबुड्या
@खारावारा, नणंदबाईंना नमस्कार सांगा _/\_

भाची डायव्हिंग करणार असेल तर परतीचं विमान बघून दिवस ठरवा. एकच डाइव्ह असेल तर नंतर निदान १२ तास विमान नाही, लागोपाठ केल्या असतील तर निदान १८. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. तो शिल्लक असताना वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होतात. लोक हमखास शेवटची सकाळ डाइव्हला ठेवतात. पहिल्या दिवसांत उरकून घ्या. आणि दम्याचा, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका. मी एका मुलीला बोटीतच थांबवलं होतं, रडली बिचारी. पण तिने खरं सांगितलं याचंच मला कौतुक वाटलं.

चष्मेबहाद्दर
बालीतल्या उलुवातूच्या देवळात माकडाने चष्मा पळवला. माझा नंबर मोठा, पुढचे पाच दिवस सगळं बेट धूसर. जास्तीचा चष्मा न्याच.

सुटीवाली
माकड चावलं नाही ना?

चष्मेबहाद्दर
गालावर ओरखडा होता. बायकोने तिथल्या तिथे साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरलं मला, घड्याळ लावून. मग दवाखाना, इंजेक्शनं. बालीत रेबीज आहे. कुत्रा असो माकड असो, नुसतं खरचटलं तरी अंगावर काढू नका. उरलेले डोस परत आल्यावर पूर्ण केले.

किनारकर
अंदमान. तिथे सूर्य पाच-साडेपाचलाच मावळतो हे डोक्यात नव्हतं, दुपारी आरामात निघालो आणि किनाऱ्यावर पोचेपर्यंत अंधार. पण खरी गंमत पुढे. हॅवलॉकहून (२०१८ पासून स्वराज द्वीप) परत यायची फेरी खवळलेल्या समुद्रामुळे रद्द, आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. आईचं वय ७१, तिची रक्तदाबाची गोळी मोजून त्या दिवसापर्यंतचीच. ती रात्र मी विसरणार नाही. दुसऱ्या जोडप्याने त्यांच्याकडची गोळी दाखवली, नेमकी वेगळी निघाली. त्यांना परत दिली. तिथल्या आरोग्य केंद्रात चिठ्ठी दाखवली तेव्हा मिळाली.
तेव्हापासून शेवटची रात्र विमानतळ असलेल्याच बेटावर आणि औषधं चार दिवसांची जास्त, हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

खारावारा
दुसऱ्याची गोळी घेतली नाहीत हे फार चांगलं केलंत. आई कशा आहेत?

किनारकर
ठणठणीत. पुन्हा कधी जायचं विचारते :)

सुटीवाली
बोट लागते त्यांनी काय करायचं? मला नुसत्या विचाराने मळमळतं.

पाणबुड्या
गोळी अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग नाही. बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला बसा. नजर क्षितिजावर. मोबाइल अजिबात नको.

सुटीवाली
मोबाइलच बघत होते मी दर वेळी! आता कळलं.

वेगमर्यादा
स्कूटर. सगळ्यांना बेटावर स्कूटर हवी असते. माझा मित्र वळणावर वाळूत घसरला, कॉलरबोन मोडलं. विमा होता, पण दुचाकीचा परवानाच नव्हता, चारचाकीचा होता. विमा कंपनीने दावा फेटाळला. कलम पहिल्यापासून कागदात होतं, आम्ही कुणी वाचलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का आहे का बघा, हेल्मेट घाला, आणि विम्यात डायव्हिंग आणि रुग्णाला विमानाने हलवणं येतं का ते वाचा. लहान बेटांवर मोठं इस्पितळ नसतं, हलवावंच लागतं.

रेवती_नक्षत्र
मॉरिशसला वादळात अडकलो होतो. तिकडे हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. इशाऱ्याचे वर्ग असतात, १ ते ४. तिसरा लागला की हॉटेलवाले खिडक्या बंद करून सगळ्यांना आत घेतात. भीती वाटली, पण त्यांची शिस्त बघण्यासारखी. तारखा ठरवताना स्वस्त तिकीट का स्वस्त आहे ते बघा एवढंच.

आईपण_२४तास
वर वर वाचलंय, कुणी लिहिलं असेल तर सॉरी. मुलांना निळे-पांढरे पोहण्याचे कपडे घेऊ नका, पाण्यात दिसतच नाहीत. भडक केशरी किंवा गुलाबी घ्या. पाण्यात जायचे बूटही. माझ्या धाकट्याच्या टाचेत सागरी साळिंदराचे (सी अर्चिन, तळाशी असणारा काटेरी जीव) काटे घुसले होते, सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवला तेव्हा कुठे रडणं थांबलं.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा तसाच्या तसा भाचीला पाठवला. तिचं उत्तर आत्ताच आलं, विमान दुपारी साडेचारला उतरतंय म्हणे. @भटकभवानी, सीप्लेन मिळेल का गं?

भटकभवानी
कठीण आहे. इमिग्रेशन, सामान यातच तास जातो. आजच रिसॉर्टला मेल करायला सांग, त्या दिवशीचं शेवटचं सीप्लेन किती वाजता आणि त्यासाठी किती वाजता उतरायला हवं, दोन्ही लेखी मागव. जमत नसेल तर पहिली रात्र मालेजवळ आणि रिसॉर्ट एक दिवस पुढे. अजून पैसे भरले नाहीत ना?

निळाई
उद्या भरणार होते. थांब, फोन लावते तिला.